घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुताना काय बिघडतं? लक्षणं इथे टाका (पुणे)

हायपो (धागाकर्ता)

घरी रोल धुणाऱ्यांचे तेच ते प्रश्न दहा धाग्यांत विखुरलेत, म्हणून हा एकच. मात्र "रोल खराब आला, काय चुकलं?" एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही. फिल्म कोणती, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) कोणता आणि किती पातळ केला, तापमान किती (मोजलेलं, अंदाजाने नव्हे), वेळ किती, टँक कसा हलवला आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) कधीचा, हे सगळं लिहा. फोटो टाकायचा तर निगेटिव्हची अख्खी पट्टी खिडकीसमोर धरून, कडेच्या भोकांसकट काढा. स्कॅन टाकू नका. स्कॅनर उजेड-काळोख स्वतःच सावरून घेतो आणि नेमका दोष झाकतो.

निदान नेहमी कडेपासून सुरू करा. भोकांलगत फिल्मचं नाव आणि चौकटींचे आकडे असतात, ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ते फक्त डेव्हलपरचं काम दाखवतात. म्हणून:

आकडे ठसठशीत काळे आणि चौकटी कोऱ्या, म्हणजे धुलाई ठीक आहे. फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नाही, नाहीतर शटर उघडलं नाही.

आकडेही नाहीत, सगळी पट्टी काचेसारखी, म्हणजे डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला. हा रोल परत मिळत नाही.

आकडे काळे, उजळ भाग बरे, पण सावलीत काहीच नाही, म्हणजे एक्स्पोजर कमी. डेव्हलपरचा वेळ वाढवून सावलीतला तपशील येत नाही, कारण तो फिल्मवर उतरलेलाच नसतो.

आकडे फिके राखाडी आणि चौकटीही मवाळ, म्हणजे डेव्हलपिंग कमी. वेळ, तापमान किंवा डेव्हलपरचा दम, तिन्हींपैकी काहीतरी कमी पडलं.

कडेसकट सगळं काळं असेल तर उजेड लागला. पॅटरसनसारख्या टँकमध्ये रिळाच्या मधून जाणारी काळी नळी बसवायची राहिली तर हमखास हेच होतं. ती नळी रीळ धरायला नसून उजेड अडवायला असते. रीळ तिच्याशिवायही टँकमध्ये बसतं, म्हणून अंधारात ते लक्षात येत नाही.

चौकट_३६

चांगला धागा. घ्या पहिला रुग्ण. एचपी५ प्लस फिल्म ४०० आयएसओलाच, डी-७६ डेव्हलपर १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), ११ मिनिटं, दर मिनिटाला चार फेरे. डेव्हलपर बर्फाच्या पाण्यात ठेवून बरोबर २० अंशांवर आणलेला. निगेटिव्ह फार दाट, आकाश पार काळं, कडेचे आकडे जाडजूड आणि पसरल्यासारखे. खोलीत ३४ अंश होते.

लाल_दिवा

वेळ बरोबर, पातळ केलेलं प्रमाण बरोबर. गडबड ३४ मध्ये आहे. डेव्हलपर २० वर होता तो भांड्यात. कोरडा टँक आणि रीळ ३४ वर, हात त्याहून गरम आणि आत जेमतेम ३०० मिली द्रव. ओतल्याबरोबर तो दोनेक अंश चढतो आणि ११ मिनिटांत आणखी चढत जातो. सुरुवातीचं तापमान लिहून उपयोग नाही. शेवटी ओतून काढताना पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी धरा.

एप्रिल-मेमध्ये पुण्यात २० अंशांचा हट्ट सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी दुपारी ३० च्या वर असतं. २४ वर काम करा, नाही जमलं तर २६ वर, आणि वेळ कमी करा. इल्फर्डच्या तक्त्याचा ठोकताळा असा की २० अंशांना ४ मिनिटं असतील तर २३ ला ३ आणि १६ ला ६. त्यावरून २२ ला मूळ वेळेच्या ०.८३ पट, २४ ला साधारण ०.७ पट आणि २६ ला ०.५७ पट येतात. तुमची ११ मिनिटं २४ ला साडेसात होतात, २६ ला सव्वासहा.

पण ५ मिनिटांच्या खाली जाऊ नका. ओतायला-काढायलाच वीस-तीस सेकंद जातात, त्यामुळे छोट्या वेळेत डेव्हलपिंग असमान होतं, आकाशात पट्टे दिसतात. म्हणून उन्हाळ्यात स्टॉक (पातळ न केलेला) डेव्हलपर वापरू नये, १+१ घ्यावा. एचपी५ ला स्टॉकमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं आहेत, ती २६ वर सव्वाचार होतात. एचसी-११० डेव्हलपरच्या 'बी' प्रमाणात, म्हणजे १+३१ ला, एचपी५ ची २० अंशांनाच ५ मिनिटं आहेत. उन्हाळ्यात ते प्रमाण सरळ विसरा, दुप्पट पातळ करा आणि वेळ चाचणीने ठरवा.

हायपो

सहमत. जोडून एक. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, प्रमाण बिघडतं. टबात पाणी घ्या, त्यात झिपवाल्या पिशवीत बर्फ सोडा, आणि टँक, डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर, धुवायच्या पाण्याच्या दोन बाटल्या सगळं त्याच टबात अर्धा तास बसू द्या. २४ वर आणायचं असेल तर फार बर्फ लागतच नाही. फेऱ्यांच्या मधल्या वेळात टँक ओट्यावर ठेवू नका, टबातच ठेवा.

चौकट_३६

आणि रेटिक्युलेशन, म्हणजे तापमानाच्या उडीने इमल्शनला (फिल्मवरच्या चित्राच्या थराला) भेगा पडणं? डेव्हलपर २० आणि धुवायचं पाणी ३२, हे चालतं का?

लाल_दिवा

आजच्या इल्फर्ड-कोडॅकच्या फिल्मचं इमल्शन कारखान्यातच कडक केलेलं असतं, पुस्तकातल्या फोटोसारख्या भेगा सहसा पडत नाहीत. पण उडी मोठी असेल तर दाणा गोळा झाल्यासारखा दिसतो, आणि फोमासारख्या मऊ इमल्शनवर पाणी गरम असताना बोट लागलं तर ओरखडा ठरलेला. सगळी द्रावणं दोन-तीन अंशांच्या आत ठेवा. धुवायचं पाणी पाचपेक्षा जास्त अंशांनी वेगळं नको. २४-२६ वर काम करण्याचा खरा फायदा हाच, सगळी साखळी एका तापमानावर राहते.

थर्मामीटरबद्दल: स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर दोन अंश इकडे-तिकडे सहज दाखवतो. तपासायला घरातला तापाचा थर्मामीटर पुरेसा आहे. कोमट पाणी ३८ च्या आसपास आणा, दोन्ही एकदम बुडवा, फरक पट्टीवर लिहून डब्याला चिकटवा. बर्फाच्या पाण्यात शून्य बरोबर दाखवणारा थर्मामीटर २४ ला बरोबर असेलच असं नाही.

टँकरग्रस्त

वाघोली. सोसायटीत बोअर आणि टँकर मिसळून येतं. रोल वाळला की निगेटिव्हवर पांढरी वर्तुळं आणि खाली ओघळ. शेवटी वेटिंग एजंट (पाणी थेंब न धरता पसरावं म्हणून घालायचं द्रव) वापरतो, डबल घालून पाहिलं तर चिकट थर आला. डाग चकचकीत बाजूचे पुसले जातात, दुसऱ्या बाजूचे नाही.

मेटॉल

वेटिंग एजंट दुप्पट करून क्षार जात नाहीत. तो फक्त पाण्याचा थेंब पसरवतो, थेंबातला चुना तसाच राहतो. खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या पेठांत हा त्रास कमी, बोअर-टँकरवाल्या उपनगरांत जास्त, कारण बेसॉल्टातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर.

उपाय साधा आहे. धुणं नळाच्या पाण्याने पुरं करा, शेवटचं एक पाणी मात्र डिस्टिल्ड. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिमिनरलाइज्ड पाणीही चालतं, ५ लिटरचा कॅन बरेच रोल पुरतो. ३०० मिली पाण्यात वेटिंग एजंट १+२०० प्रमाणे दीड मिली, त्याहून एक थेंबही जास्त नको. सिरिंजने मोजा. त्यात फिल्म एक मिनिट बुडवा, हलवू नका, फेस नको. मग काढून तिरकी टांगा, म्हणजे पाणी एका कडेने ओघळतं. बोटांनी किंवा स्क्वीजीने निपटू नका. एक कण अडकला की अख्ख्या ३६ चौकटींवर तारेसारखी रेघ जाते.

आधीच डाग पडलेल्या निगेटिव्हसाठी: चकचकीत बाजू ही बेस, ती ओल्या मऊ कापडाने पुसता येते. इमल्शनवरचा चुना घासायचा नाही. अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा, मग साधारण २ टक्के ॲसेटिक ॲसिडच्या पाण्यात दोन मिनिटं, मग पुन्हा धुणं, मग डिस्टिल्ड. किराण्यातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर ४-५ टक्क्यांचं असतं, तेवढंच पाणी घातलं की काम होतं. लाल-तपकिरी व्हिनेगर नको.

टँकरग्रस्त

भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब वेटिंग एजंटऐवजी चालतो असं ऐकलंय.

मेटॉल

पाणी पसरायला पसरतं. पण त्यात रंग, लिंबाचा वास आणि हात मऊ ठेवणारे पदार्थ असतात, ते फिल्मवरच वाळतात. दीड मिलीच्या बचतीसाठी कशाला?

नवा_गडी

दोन रोल, दोन वेगळे प्रश्न. टी-मॅक्स ४०० वाळल्यावर गुलाबी-जांभळा. आणि ट्राय-एक्सचा एक तुकडा दुधासारखा धुरकट, उजेडात धरला तर आरपार नीट दिसत नाही. फिक्सर घरी केलेला: केमिकलच्या दुकानातून आणलेले हायपोचे खडे, २५० ग्रॅम एक लिटरला, ५ मिनिटं. स्टॉप बाथ म्हणून व्हिनेगर.

लाल_दिवा

वेगळे वाटतात, पण दोन्ही फिक्सरचेच आहेत.

धुरकट म्हणजे सिल्व्हर हॅलाइड (फिल्ममधलं चांदीचं संयुग, जे फिक्सरने काढायचं असतं) शिल्लक. रंगीत पण स्वच्छ पारदर्शक असेल तर तो फक्त फिल्ममधला रंग, तो निगेटिव्हला इजा करत नाही. पण टी-मॅक्समध्ये गडद गुलाबी राहिला तर फिक्सिंग काठावर होतं असं समजा. दोन्ही रोल पुन्हा फिक्स करा. भर उजेडात चालतं, महिन्यांनीही चालतं. आधी पाच मिनिटं पाण्यात भिजवा, ताज्या फिक्सरमध्ये टाका, मग पूर्ण धुणं.

आता वेळ. नुसता हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हा सावकाश चालणारा फिक्सर. साध्या फिल्मला १० मिनिटं धरा, टी-मॅक्स आणि डेल्टाला त्याहून जास्त. ५ मिनिटं ही अमोनियम थायोसल्फेटच्या रॅपिड फिक्सरची वेळ आहे, १+४ ला २ ते ५. डबीवरची वेळ पाठ करण्यापेक्षा दर वेळी चाचणी करा. रोल भरताना कापून टाकता तो पुढचा तुकडा उजेडातच फिक्सरमध्ये टाका. त्याच्यावर आधी फिक्सरचा एक थेंब अर्धा मिनिट ठेवला तर पुढे तो ठिपका कधी मिसळून जातो ते नेमकं दिसतं. तुकडा आरपार स्वच्छ व्हायला लागलेला वेळ गुणिले दोन, टी-मॅक्स-डेल्टाला गुणिले तीन. ताज्या फिक्सरला जेवढा वेळ लागला होता त्याच्या दुप्पट लागायला लागला की फिक्सर संपला. मग रंग, वास, किती रोल झाले, काहीही बघायची गरज नाही.

तुमचा दुसरा धोका व्हिनेगर. साध्या हायपोत आम्ल गेलं की थायोसल्फेट फुटतं आणि गंधक बाहेर पडतं. बाटलीत दुधाळपणा आणि खाली पिवळट गाळ दिसला असेल तर तेच. एकतर आम्लाचा स्टॉप न वापरता दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन फिक्सर ओता, नाहीतर फिक्सरला सल्फाइटचा आधार द्या. कोडॅकचं जुनं एफ-२४ सूत्र घरी करायला सोपं: हायपो २४० ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १० ग्रॅम, सोडियम बायसल्फाइट २५ ग्रॅम, पाणी घालून एक लिटर. याच क्रमाने. हायपो विरघळताना पाणी चांगलंच थंड पडतं, म्हणून सुरुवातीचं पाणी ५० अंशांचं घ्या, नाहीतर खडे तळाशी बसून राहतात.

कोथरूडकर

उन्हाळ्यात इमल्शन कडक राहावं म्हणून हायपोत तुरटी घालतात ना? चिमूटभर टाकली तर?

लाल_दिवा

टाकू नका. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲलम, कडक करणाऱ्या फिक्सरमध्ये ती असते हे खरं. पण एफ-५ सूत्रात १५ ग्रॅम तुरटीबरोबर १५ ग्रॅम सल्फाइट, ७.५ ग्रॅम बोरिक ॲसिड आणि २८ टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड ४८ मिली असतं. ती सगळी मंडळी आम्लता एका पट्ट्यात धरून ठेवतात. ती नसतील तर ॲल्युमिनियमचा पांढरा चिखल होतो आणि तो फिल्मवर बसतो. शिवाय कडक केलेली फिल्म धुवायला जास्त वेळ लागतो. आजच्या फिल्मला २६ अंशांवर याची गरजच नाही.

चौकट_३६

भोकांच्या रेषेत आकाशात फिके-गडद पट्टे. एक रोल साधा १+१, दर अर्ध्या मिनिटाला जोरात हलवलेला. दुसरा रोडिनल डेव्हलपर १+१००, एक तास स्टँड, न हलवता. दोन्हींत पट्टे आहेत. मग हलवायचं की नाही?

हायपो

दोन्ही पट्टे नीट पाहा, सारखे नाहीत. पहिल्यात भोकासमोर गडद पट्टा निघाला असेल. जोरात हलवल्यावर डेव्हलपर भोकांतून पिचकारीसारखा घुसतो आणि तिथे जास्त काम करतो. दुसऱ्यात भोकाखाली किंवा उजळ जागेखाली फिकी शेपूट असेल. डेव्हलपिंगमध्ये निघालेलं ब्रोमाइड जड असतं, ते न हलवल्यामुळे खाली ओघळतं आणि वाटेतलं डेव्हलपिंग दाबतं.

पहिल्यासाठी इल्फर्डची पद्धत पाळा: ओतल्यावर पहिल्या १० सेकंदांत चार फेरे, मग दर मिनिटाच्या सुरुवातीच्या १० सेकंदांत चार. एक फेरा म्हणजे पूर्ण पालथा आणि परत सरळ, अडीच सेकंदांत, मनगट थोडं फिरवत. कॉकटेल हलवायचं नाहीये.

मेटॉल

कोडॅकची पद्धत दर अर्ध्या मिनिटाला पाच फेरे अशी आहे आणि तीही चालते, फक्त त्यांच्या वेळा त्या पद्धतीला जुळवलेल्या असतात. इल्फर्डची वेळ आणि कोडॅकचं हलवणं असं मिसळू नका. डी-७६ १+१ बद्दल कोडॅकची आणखी एक अट वाचायची राहते: एका ३६ च्या रोलला साधारण ४७० मिली द्रावण धरलेलं आहे. ३०० मिलीच्या टँकमध्ये करत असाल तर वेळ १० टक्के वाढवा. ट्राय-एक्सची २० अंशांची पावणेदहा मिनिटं तिथे पावणेअकरा होतात.

स्टँड डेव्हलपिंगबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत. मधे एकदा, तिसाव्या मिनिटाला, दोन हळू फेरे दिले तर शेपट्या बऱ्याच कमी होतात, पद्धत वाईट नाही.

लाल_दिवा

पद्धत वाईट नाही, ती पुण्याच्या मे महिन्यात वाईट आहे. तासभर टँक ३३ अंशांच्या खोलीत उभा राहिला तर फॉग (सगळीकडे राखाडी झाक) चढतो, दाणा वाढतो, आणि 'तापमानाची फिकीर नको' हे जे स्टँडचं कौतुक तेच खोटं पडतं. शिवाय १+१०० ला २९० मिलीत जेमतेम ३ मिली रोडिनल जातं. एका रोलला किमान ५ मिली हवं. म्हणजे ५०० मिलीचा टँक घ्या, एका रोलसाठी.

मेटॉल

५ मिलीचं मान्य. एचसी-११० लाही तीच शिस्त, रोलमागे ६ मिली घट्ट द्रव. फार पातळ करणारे हे विसरतात आणि मग फिक्या निगेटिव्हसाठी फिल्मला दोष देतात. डिसेंबर-जानेवारीत स्टँड करून बघा, तेव्हा बोलू.

नवा_गडी

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या रिळावर रोल चढतच नाही. अर्ध्यात अडकतो, ओढला की निसटतो. नंतर निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखे काळे डाग, आणि एका ठिकाणी रुपयाएवढा धुरकट ठिपका.

कोथरूडकर

चंद्रकोर म्हणजे भरताना फिल्म मुडपली, दाबाने तिथे काळा डाग उमटतो. धुरकट ठिपका म्हणजे दोन वेढे एकमेकांना चिकटले, मध्ये ना डेव्हलपर गेला ना फिक्सर. पुन्हा फिक्स केल्यावर धुरकटपणा जाईल, चित्र येणार नाही.

रीळ ओलं असेल तर चढणार नाहीच. नुसतं पुसून भागत नाही, फिल्म पुढे सरकवणाऱ्या छोट्या पोलादी गोळ्यांच्या खाचेत पाणी राहतं. हेअर ड्रायर कोमट हवेवर दोन मिनिटं, मग गार होऊ द्या. वेटिंग एजंटमध्ये रीळ कधीच बुडवू नका, फिल्म सोडवून वेगळ्या भांड्यात बुडवा. तो थर वाळला की खाचा चिकट होतात आणि मग प्रत्येक रोल अडकतो. झालेलंच असेल तर गरम पाणी आणि जुना टूथब्रश. गोळ्यांपाशी शिसपेन्सिलीचं टोक फिरवलं तर सरकणं सुधारतं.

भरायच्या आधी फिल्मचा जिभेसारखा भाग सरळ कापा, भोकाच्या मधून कात्री जाऊ देऊ नका, आणि दोन्ही कोपरे किंचित गोल करा. पहिला दोन-तीन इंचांचा भाग उजेडातच रिळात घालता येतो, तो तसाही जळलेलाच असतो. बाकी चेंजिंग बॅगेत (हात घालायच्या बाह्या असलेली उजेडबंद पिशवी).

चेंजिंग बॅगेत जुलैत दहा मिनिटांत हाताला घाम येतो आणि आतली हवा दमट होते. अडकलं तर ओढाताण करू नका. फिल्म-रीळ तसंच टँकमध्ये टाका, मधल्या नळीसकट झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा, पाच मिनिटांनी पुन्हा. एसीची खोली असेल तर तिथेच भरा.

हायपो

छोटे प्रश्न बरेच व्यनितून (खासगी निरोपांतून) आलेत, एकत्र उरकतो.

गोल, फिके, कडा स्पष्ट असलेले ठिपके: हवेचे बुडबुडे. प्रत्येक वेळी हलवून झाल्यावर टँकचा तळ ओट्यावर दोनदा ठोका.

एका कडेला पूर्ण लांबीभर फिका पट्टा: द्रव कमी पडला किंवा रीळ नळीवर वर सरकलं. पॅटरसनच्या तळाशी लिहिलेलं असतं, ३५ मिमीला २९० मिली, १२० ला ५००. दोन रिळांच्या टँकमध्ये एकच रोल धुताना रिकामं रीळ वर ठेवा. द्रव मोजून घ्या, 'गळ्यापर्यंत' हे माप नव्हे.

ओतून काढलेलं पहिलं पाणी हिरवं, निळसर किंवा जांभळट: फोमाचं हिरवं, इतरांचं आपापलं, तो फिल्मचा रंग. घाबरू नका.

काजळीसारखा काळा थर सुटतोय, हाताला लागतोय: ती काळी-पांढरी फिल्म नाहीच. सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हवरून परत भरलेला रोल आहे, मागे कार्बनचा थर आहे. डेव्हलपरच्या आधी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात जोरात हलवून ओतून द्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि उरलेलं शेवटी ओल्या बोटाने चकचकीत बाजूने पुसा. डबल-एक्स ५२२२ ला हा थर नसतो.

चौकट_३६

घरी डी-७६ बनवलाय. मेटॉल २, सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २, लिटरला. दोन दिवसांत चहासारखा झाला आणि निगेटिव्ह फिकट, आकडेही फिकट. दुसऱ्या एका वेळी नुसता पांढरा गढूळ.

लाल_दिवा

सूत्र बरोबर. चहाचा रंग म्हणजे सल्फाइट नाही किंवा मेलेला. पिशवी उघडून नाव अक्षर न् अक्षर वाचा. सोडियम सल्फाइट हवं. सल्फेट मिळालं असेल तर ते इथे निरुपयोगी मीठ, मेटॉल आणि हायड्रोक्विनोनला हवेपासून वाचवणारं काहीच उरत नाही. सल्फाइड मिळालं असेल तर सडक्या अंड्याच्या वासाने कळेलच, आणि त्यावर आम्ल तर मुळीच टाकायचं नाही, विषारी वायू निघतो. सल्फाइट की सल्फेट हे ओळखायला खिडकी उघडी ठेवून चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवा, थोडं सायट्रिक ॲसिड टाका. विझलेल्या काडीसारखा उग्र वास आला तर सल्फाइट, काहीच नाही तर सल्फेट. उघड्या पिशवीत वर्षभर पडलेलं सल्फाइटही हळूहळू सल्फेट होतं.

आणि निर्जलच घ्या. सात पाण्याचं स्फटिकी सल्फाइट असेल तर १०० ऐवजी २०० ग्रॅम लागतं.

क्रम: ७५० मिली पाणी ५० अंशांवर. चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्या, मग बाकी सल्फाइट, हायड्रोक्विनोन, बोरॅक्स, शेवटी पाणी घालून एक लिटर. सगळं सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळायला तयार होत नाही, तळाशी कण फिरत राहतात. २ ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजू नका, त्याची चूकच एक ग्रॅमची. ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या. हातमोजे घाला, मेटॉलने पुष्कळांच्या कातडीला पुरळ येतं आणि एकदा आलं की पुढे प्रत्येक वेळी येतं.

पांढरा गढूळपणा म्हणजे कठीण पाण्यातलं कॅल्शियम. तयार पाकिटात ते बांधून ठेवणारा पदार्थ असतो, घरच्या सूत्रात नाही. आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्यात करा.

कोथरूडकर

बोरॅक्स म्हणजे टंकणखार, पण आयुर्वेदिक दुकानातली 'टंकणाची लाही' आणू नका. ती भाजून पाणी उडवलेली असते, वजनाचा हिशोब चुकतो. साधे खडे घ्या.

बाटली काठोकाठ भरलेली ठेवा. लिटरच्या एका बाटलीपेक्षा २५० मिलीच्या चार बऱ्या. अर्धी रिकामी बाटली उन्हाळ्यात लवकर जाते. आणि जुना डी-७६ नेहमी दुबळाच होतो असं नाही, पडून राहिल्यावर त्याचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि काही काळ तो उलट जास्त जोरात चालतो. त्यामुळे महिन्यापूर्वीच्या बाटलीतून दाट निगेटिव्ह आले तर नवल नको.

टँकरग्रस्त

पाणीकपातीत धुणं कसं करायचं? अर्धा तास नळ सोडणं शक्य नाही.

हायपो

गरजही नाही. कडक न करणाऱ्या फिक्सरनंतर टँक भरा, पाच फेरे, ओता. पुन्हा भरा, दहा फेरे, ओता. पुन्हा भरा, वीस फेरे, ओता. मग शेवटचं डिस्टिल्ड. सगळं मिळून दीड लिटरच्या आत. साध्या हायपोनंतर एक-दोन भरण्या जास्त द्या. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा ते आधी गाळाच्या फिल्टरमधून काढा. ओलं इमल्शन मऊ असतं, मातीचा कण त्यात रुततो आणि पुन्हा निघत नाही.

वाळवायला बाथरूम. आधी गरम पाण्याचा शॉवर दोन मिनिटं सोडून वाफेने धूळ बसवा, मग फिल्म टांगा, खाली दोन चिमटे वजनाला, दार बंद, पंखा नाही, एक्झॉस्टही नाही. पावसाळ्यात रात्रभर लागू शकते. पूर्ण वाळल्याशिवाय स्लीव्हमध्ये घालू नका, चिकटते आणि बुरशी येते.

टँकरग्रस्त

आणि संपलेला फिक्सर? आमच्याकडे सोसायटीचा मलनिस्सारण प्रकल्प आहे, त्यात ओतावा का?

मेटॉल

नको. त्यात विरघळलेली चांदी असते आणि प्रकल्पातले जिवाणू तिला दबतात. प्लॅस्टिकच्या बादलीत साठवा, त्यात लोखंडी स्टील वूल सोडा. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. पण भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी चालत नाही, ती स्टेनलेस असते, तिच्यावर काहीच होत नाही. फर्निचर घासायला सुतार-पॉलिशवाले वापरतात ती गंजणारी लोकर हवी, बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात मागा. आठवडाभर अधूनमधून ढवळा. मग तांब्याची स्वच्छ तार अर्धा मिनिट बुडवून पाहा. तारेवर रुपेरी थर चढला तर चांदी शिल्लक आहे, अजून लोकर टाका.